ब्रेकमधली जांभळी चिंधी

१

जीपभोवती पंचवीस-तीस माणसं जमली होती. त्यातल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं. मत मात्र प्रत्येकाकडं होतं.

"मॅडम, नऊवारी नेसून गाडी चालवायची म्हंजे गुन्हाच की वो!"

"पाच हजार दंड हाय त्येला. आमच्या ग्रुपवर आलंतं."

"चपलेलाबी हाय."

"आन् लुंगीला?"

"लुंगीला तर डायरेक लायसनच जातंय."

हवालदार विजयमालाबाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. सहापर्यंत आल्या आणि डोकं फिरलंच. "गप बसा रं सगळे! कायद्याचं पुस्तक तुमच्या ग्रुपवर छापतात व्हय?"

सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली आठ वर्षं पोलीस व्हॅनच्या स्टिअरिंगवर. आणि तरी प्रत्येक गावात कुणीतरी त्यांना गाडी कशी चालवायची ते शिकवायचंच.

घडलं होतं ते इतकंच. कराडपासून बारा किलोमीटरवर कृष्णाकाठी उंबरकाठी नावाचं गाव. तिथल्या निवृत्त सुभेदार नाथाजींच्या नव्या बंगल्याची गुरुवारी वास्तुशांत होती. पुढच्या अंगणात मांडव, पाव्हणे, जेवणाच्या पंगती. मागच्या बोळात चिटपाखरू नव्हतं, फक्त एक म्हातारा भिंतीच्या सावलीला आपल्या पंगतीची वाट बघत बसला होता. हरिबा त्याचं नाव. आटपाडीकडचा मेंढपाळ. नाथाजींच्या रानात त्याच्या मेंढ्या खतासाठी बसवलेल्या, म्हणून त्यालाही जेवणाचं आवतण होतं. साडेबारा वाजता बोळात उभी असलेली नाथाजींची जीप सुरू झाली, पुढं उसळली आणि हरिबाला भिंतीशी दाबून थांबली. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. लोकांनी उचलून टेम्पोत घातलं आणि कराडच्या दवाखान्यात नेलं. तिथं तो बेशुद्ध पडून होता.

माणसं पोचेपर्यंत जीपमध्ये कुणी नव्हतं. पण ब्रेकच्या पायट्यात रेशमी कापडाची एक चिंधी अडकलेली होती. जांभळी, टीचभर लांब, कडेला सोनेरी काठ.

आणि घरात जांभळी नऊवारी नेसून जीप चालवणारी एकच होती. क्रांती. नाथाजींच्या वारलेल्या धाकट्या भावाची मुलगी. सकाळी कराडच्या स्टँडवरून वाईच्या गुरुजींना तिनंच जीपमधून आणलं होतं. सगळ्या गावानं ते बघितलं होतं, नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट बघून हसूनही घेतलं होतं.

क्रांती भिंतीला टेकून उभी होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"साडेनवाला जीप लावली मॅडम. गियरमधी टाकली, हँडब्रेक वडला, चाकाला दगड लावला. त्यानंतर हात लावला न्हाई."

"किल्ली?"

"जीपमधीच असती. आमच्या हितं कोन काढतंय?"

"साडेबाराला कुठं होतीस?"

"गच्चीवर."

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

विजयमालाबाईंना वाटलं, कपाळावर हात मारून घ्यावा. एवढी दीडशे माणसं घरात, आणि ही बया नेमकी एकटी!

"एकटी काय करत होतीस गं गच्चीवर?"

क्रांतीनं फोन पुढं केला. पडद्यावर एक पत्र होतं. एसटीत चालक म्हणून निवड झाली आहे, सोमवारी सकाळी सांगलीला हजर व्हावे, सोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा.

"मॅडम," ती म्हणाली, "माज्यावर गुन्हा नोंदला तर ह्ये गेलंच न्हवं?"

गाडी निष्काळजीपणानं चालवून माणूस मोडला असा गुन्हा अंगावर असलेल्या बाईच्या हातात पन्नास माणसांची एसटी कोण देईल? विजयमालाबाईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी फोन तिला परत दिला.

२

नाथाजी खुर्चीत ताठ बसले होते. घरच्या कार्यात रक्त सांडलं याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली बाई. ड्रायव्हरनं युनिफॉर्मशिवाय गाडीला हात लावायचा न्हाई, हा नियम. पोरीला सकाळीच म्हटलेलं, साडीत चालवू नको. आयकती कोन? पोरगी घरची असली तरी चूक ती चूक. ल्हिवा काय ल्हिवायचं ते."

"तुम्ही तिला विचारलंत, कुठं होती म्हणून?"

"इचारायचं काय त्यात? चिंधी हाय की समोर!"

दाराआड क्रांतीची आई शालूबाई उभी होती, विटक्या सुती पातळात. घरच्या सगळ्यांनी जांभळं घालायचं असं सूनबाईंनी ठरवलेलं, एकाच दुकानातून सगळं आणलेलं. मॅचिंग. फोटोला बरं दिसतं म्हणे. "मला नगं म्हटलं," शालूबाई म्हणाली. "क्रांतीलाबी इकत न्हाई घेतली. भाड्यानं आनली, शिवलेली. सकाळी गुर्जींना आनाय चालवायची व्हती न्हवं, मोकळी बरी पडती म्हनली."

मग नाथाजींचा मुलगा जयराज. सहा फुटी गडी, जीन आणि कडक इस्त्रीचा शर्ट. पूजेला सपत्नीक तोच बसला होता. बोलता बोलता दोनदा उठून खिडकीतून पिंक टाकून आला.

"मी काय सांगनार? मी सोवळ्यात व्हतो. गुर्जींनी मधी दहा मिनिटं सुट्टी दिली, चा प्यायला. मी आतल्या खोलीत बसून ऱ्हायलो. तेवढ्यात धडाम झालं. सगळी धावली. मला जाता येतंय व्हय? सोवळं म्हंजे सोवळं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं न्हाई मी. पूजा पुरी झाल्याबिगर कसं टाकायचं?"

"म्हणजे हरिबाला तुम्ही बघितलंसुद्धा नाही?"

"न्हाई. लोकांनीच उचललं. आप्पा म्हनले, मुहूर्त चुकवायचा न्हाई. तासाभरानं पुन्हा बसलो, आरती केली."

"आणि जीप कोण चालवत होतं?"

"क्रांतीबिगर हात कोन लावतंय तिला? पर डोळ्यांनी बघितलं न्हाई बरं का मी. उगं कुनावर आळ कशाला घ्या?" आळ घ्यायचा नाही म्हणत म्हणत त्यानं तो बरोबर घेऊन ठेवला.

त्याची बायको संयोगिता जांभळ्या शालूत तशीच बसलेली. शालू धड होता, विजयमालाबाईंनी आधी तेच बघून घेतलं. शिवाय पाव्हण्या बायकांच्या घोळक्यात ती सगळा वेळ पाटावरच होती, हे चौघींनी सांगितलं.

"मी उठणार कशी? पदराला ह्यांच्या उपरण्याची गाठ मारलेली," ती म्हणाली.

"आणि ते?"

तिनं पदराची ती गाठ बोटांनी चाचपली. "त्यांनी सांगितलंय की तुम्हाला."

विजयमालाबाई तिथून थेट दवाखान्यात गेल्या. हरिबा शुद्धीवर नव्हताच. बाकड्यावर त्याची बायको रंगुबाई घोंगडं पांघरून बसली होती. ती त्या वेळी बोळापलीकडच्या रानात मेंढ्यांपाशी खाली बसलेली होती.

"जीप आडवी व्हती मधी. पल्याडनं कोन तरी उतारलं. मला जीपच्या खालनं नुस्तं पाय दिसलं. जांभळं कापाड पायावर. पळालं मागल्या दारानं आत."

"बाई होती की बाप्या?"

"त्वांड कुटं दिसलं! जांभळं दिसलं म्हून मानसं म्हनली क्रांती, मीबी म्हटलं व्हय."

"पायात काय होतं, आजी? बूट?"

रंगुबाईनं आठवायचा प्रयत्न केला. "बूट न्हवतं बाई. अनवानी व्हतं की. टाचा दिसल्या मला, पांढऱ्याफेक. ह्यो माजा धनी कन्हत पडल्याला आन् त्या टाचा निगून गेल्या."

३

"बूट काढले असतील," ठाण्याचे साहेब म्हणाले.

विजयमालाबाईंनी दीर्घ श्वास घेतला. साहेब वयानं पुतण्याएवढे, पण साहेब ते साहेब.

"साहेब, ती पोरगी बुटाशिवाय गाडीला हात लावत नाही. नऊवारीवर बूट घातले म्हणून गाव हसलं तिला."

"घरात शिरताना काढले असतील ना? पूजेच्या घरात बूट घालून फिरतं का कुणी? मग घाईत तशीच जीपमध्ये बसली. जुळतंय की."

हे असं. आपण एक धागा काढावा आणि यांनी तो पुन्हा त्याच पोरीच्या गळ्यात बांधावा.

"बरं, मग सीट बघूया. क्रांती जेमतेम पाच फूट. तिला सीट पुढं ओढावी लागते. शेवटी कुणी उंच माणूस बसला असेल तर सीट मागं असेल."

तेवढ्यात कोपऱ्यातून शिपाई भाऊसोंनी खाकरून आवाज दिला. भाऊसोंचं पोट त्यांच्या आधी खोलीत शिरायचं. "मॅडम, ती सीट... जीप ठाण्यात मी आणली न्हवं. पोट अडत होतं. म्हणून सरकवली मागं."

"आधी कुठं होती?"

"आता ते कोण बघतंय?"

विजयमालाबाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. तो भाऊसोंवर फेकायचा मोह आवरून अर्धा घटाघटा प्यायल्या.

"आणि साहेब, तो नऊवारीचा गुन्हा म्हणून जो गावभर घोष चाललाय ना, असलं कलम कुठंही नाही. चपलेचं नाही, लुंगीचं नाही. भाड्याची प्रवासी गाडी असली तर ड्रायव्हरला गणवेश लागतो, ती गोष्ट वेगळी. घरच्या जीपमध्ये माणूस काहीही नेसून बसो. ताबा गेला तर मात्र जबाबदार, मग अंगावर सूट का असेना."

"तेच म्हणतोय मी! साडी अडकली, ताबा गेला. कलम साडीचं नाही, निष्काळजीपणाचं लावू." साहेबांना आपलंच बोलणं फार आवडलं. "रविवार संध्याकाळपर्यंत काय शोधायचं ते शोधा. मग कागद माझ्याकडं. आणि तिचा तो दाखला तोवर थांबवा."

आता उरली ती साडी. क्रांतीनं ती गुरुवारी संध्याकाळीच कराडच्या भाड्याच्या दुकानात परत केलेली. साहेबांनी लगेच म्हटलं, "बघा, पुरावा घालवला." दुकानात गेल्यावर कळलं, साडी शुक्रवारी सकाळीच सांगलीच्या एका लग्नाला गेली. दुकानदारीणही नेसवायला सोबत गेलेली. विजयमालाबाई एसटीत बसल्या. इस्लामपूरला टायर पंक्चर. दुसऱ्या गाडीत उभ्यानं सांगली. मंगल कार्यालय सापडेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.

ती साडी नवरीच्या धाकट्या बहिणीच्या अंगावर होती आणि पोरगी बेंजोपुढं नाचत होती. खाकीतली बाई आपल्या पायाशी वाकलेली बघून ती किंचाळलीच. "अगं नाच तू, नाच! मी फक्त काठ बघते," विजयमालाबाई ओरडल्या. दोन पोरांनी त्याचं शूटिंग केलं. करा म्हटलं, काय करायचं ते.

काठ सगळीकडं अखंड होता. पदरही धड. एक टाका नवा नव्हता.

दुकानदारिणीनं पिशवीतली चिंधी प्लॅस्टिकवरूनच उजेडाकडं धरली आणि लगेच परत दिली.

"ही आमची न्हवंच. आवं मॅडम, आमची नऊवारी शिवलेली. घालायची विजारीगत. पायाशी कापडाचा शेवट येतच न्हाई, शिवण येती. आन् ह्या चिंधीला बघा, एका बाजूला काठ हाय आन् टोकाला ह्या तीन बारक्या जरीच्या रेघा. ह्यो कापडाचा कोपरा हाय. शेवटचा."

"साडीचा असा कोपरा कुठं येईल?"

"पदराला. म्हंजे खांद्यावर. पायापर्यंत न्हाई येत. नऊवारीत तर पदर कमरेला खोचत्यात." ती जरा थांबली. "आन् साडीला काठ ह्याच्यापरीस रुंद असतोय. पायाशी कोपरा लोंबतोय असं जांभळं, बारक्या काठाचं... ह्ये बायकांचं कापडच न्हाई बघा."

४

बायकांचं नाही. मग कुणाचं?

गुरुवारी पोलीस पोचले तेव्हा त्या घरातला एकूण एक पुरुष शर्ट-पँटीत किंवा पांढऱ्या पायजम्यात होता. विजयमालाबाई परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून हेच घोळवत बसल्या आणि कराड आलं तरी उतरायचं विसरल्या. कंडक्टरनं पुढच्या थांब्यावर उतरवलं. रिक्षा मिळेना. दोन किलोमीटर चालत आल्या, स्वतःलाच शिव्या देत.

पूजेच्या वेळी कोण काय नेसलं होतं हे सांगणारा, त्या घरच्या मिठाला न बांधलेला एकच माणूस होता. शनिवारी त्या वाईला गेल्या.

गुरुजी घाटावरच्या पायऱ्यांवर छत्री घेऊन बसले होते, एका यजमानाची वाट बघत. बोलायला मोकळे.

"हो, मधे दहा मिनिटं दिली होती मी. सलग तीन तास बसून यजमानांचे पाय आखडतात हो हल्ली. मी पुढं ओट्यावर चहा घेतला. मग तो दुर्दैवी प्रकार. मी म्हटलं पुढं ढकलू, पण सुभेदार ऐकेनात."

"यजमान त्या दहा मिनिटांत कुठं होते?"

"मी पाहिलं नाही. आत म्हणाले." गुरुजींनी खिशातून फोन काढला. "सूनबाईंनी फोटो पाठवलेत मला. छान आलेत. बघा."

पहिला फोटो पूजेच्या सुरुवातीचा. संयोगिता जांभळ्या शालूत. शेजारी जयराज उघड्या अंगानं, खांद्यावर उपरणं. आणि कमरेला पितांबर. जांभळा. बारीक सोनेरी काठाचा. पुढं चुण्यांचा सोगा पार पावलांवर लोळत होता.

विजयमालाबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. जांभळं म्हटल्यावर सगळा गाव साडी म्हणाला होता. आणि सगळ्या गावाबरोबर आपणही.

दुसरा फोटो आरतीचा. तोच पितांबर, पण सोगा वर उचलून कमरेत खोचलेला.

"हे असं का?"

"मीही म्हटलं, यजमान, सोगा सोडा खाली, असं बसू नये. राहू द्या म्हणाले, पायात येतो."

पायात येतो! विजयमालाबाईंना हसावं की रडावं कळेना. पण लगेच साहेबांचा आवाज कानात आला. सोगा खोचला म्हणून माणूस जीप चालवत होता असं कुठं सिद्ध होतं? पितांबर एव्हाना जाळला असेल. जयराज म्हणणार, मी सोवळ्यात होतो, उंबरा ओलांडला नाही. आणि गाव मान डोलावणार. सुभेदाराच्या पोराचं सोवळं एकीकडं, भाड्याच्या साडीतली बिनबापाची पोरगी एकीकडं.

त्या उठायला लागल्या. गुरुजी अजून फोटोच बघत होते.

"पण मुलगा श्रद्धाळू हो. हल्ली असं कोण पाळतं? एवढा गोंधळ चाललेला, रक्त काय, रडारड काय, आणि हा परत बसायच्या आधी पुन्हा डोक्यावरून आंघोळ करून आला. हे बघा, केस निथळतायत. मला फार कौतुक वाटलं."

विजयमालाबाई उभ्या होत्या त्या परत पायरीवर बसल्या.

५

रविवारी दुपारी नाथाजींच्या नव्या बैठकीच्या खोलीत सगळे होते. नाथाजी, जयराज, संयोगिता, दाराशी क्रांती आणि शालूबाई. साहेबांना विजयमालाबाईंनी जवळजवळ ओढतच आणलं होतं.

"आप्पा," त्या नाथाजींना म्हणाल्या, "सोवळं नेसलेला माणूस घराबाहेर पडला, शिवाशिव झाली, तर परत पूजेला बसायचं काय?"

"आंघोळ करायची. दुसरं काय?"

"आणि बाहेर पडलाच नाही तर?"

"तर कशाला करंल?"

विजयमालाबाईंनी दोन्ही फोटोंच्या मोठ्या प्रती टेबलावर ठेवल्या. "हा पहिला. केस कोरडे, सोगा पावलांवर. हा दुसरा, अपघातानंतर दीड तासाचा. केसांतून पाणी गळतंय, सोगा खोचलेला. जयराज, मला तुम्ही म्हणालात, सोवळ्यात होतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. हरिबाला हात लावला नाही, बघितलंसुद्धा नाही. मग दुसरी आंघोळ कशाची?"

जयराजची मान वर आली. "घाम आलता."

"घामाला पंखा असतो. सोवळं मोडलं की आंघोळ." त्यांनी चिंधीची पिशवी फोटोशेजारी ठेवली. "हा कापडाचा कोपरा आहे. क्रांतीच्या शिवलेल्या नऊवारीला पायाशी कोपराच नाही, मी सांगलीला जाऊन तिचा काठ न् काठ बघितला. पायाशी कोपरा लोंबतो तो सोग्याचा. पितांबर आणा, त्याचा कोपरा धड असेल तर मी तुमची माफी मागते."

"बोहारणीला दिला," जयराज म्हणाला. "परवाच."

साहेबांनी विजयमालाबाईंकडं बघितलं. झालं! तीन दिवसांची पायपीट, आणि शेवटी बोहारीण.

तेवढ्यात संयोगिता उठली. आत गेली. कपाटाचं दार वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात जांभळ्या पितांबराची घडी होती. तिनं ती टेबलावर ठेवली आणि स्वतःच उलगडली. एक कोपरा फाटका.

"बोहारणीला द्यायला माझ्याकडंच दिलेला," ती म्हणाली. "मी दिला न्हाई. ते दहा मिनिटं आत न्हवतेच. उपरणं माझ्या मांडीवर टाकून मागल्या दारानं गेले. तंबाखूचा मावा आणायला. कोपऱ्यावरच्या टपरीवर. मांडवासमोरनं उघड्या अंगानं चालत जायची लाज वाटली, म्हणून जीप घेतली."

जयराज ओरडला, "गप बस!"

"तीन दिस गपच हाय की मी." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "रात्री डोळा लागंना मला. क्रांतीताईच्या जेवनाचं ताट मी वाढते, तिच्या तोंडाकडं बघवंना."

मग जयराजनं सांगितलं. चाकाचा दगड काढून जीप सुरू केली, ब्रेकवर पाय ठेवायला गेला, सोगा पायट्यात गुंतला, पाय घसरून ॲक्सिलरेटरवर पडला. हरिबा समोर. झटका मारून सोगा सोडवला, खाली उतरला, म्हातारा हलेना. शिवून बघितलं. आणि पळाला. आप्पांना काय सांगणार? पूजेतून मावा खायला उठलो म्हणून?

"मग मला का पुढं केलं, दादा?" क्रांतीनं विचारलं.

"मी न्हाई केलं. लोकंच म्हनली नऊवारी, नऊवारी. मी नुस्तं न्हाई म्हटलं न्हाई." त्यानं विजयमालाबाईंकडं बघितलं. "मॅडम, पितांबर नेसून गाडी चालवणं... हाय का गुन्हा?"

इतके दिवस साचलेलं सगळं विजयमालाबाईंच्या तोंडातून एकदम बाहेर आलं. "न्हाई रं बाबा! पितांबर नेस, लुंगी नेस, गोणपाट गुंडाळ! कायद्याला तुझ्या कपड्याचं काही पडलेलं नाही. ताबा सुटला, ती चूक. कन्हत पडलेलं माणूस टाकून पळालास, हा गुन्हा. आणि त्यानंतर देवापुढं बसायला तुला आंघोळ करावीशी वाटली, पण बहिणीच्या अंगावर ढकलताना काहीच वाटलं नाही, त्याला कुठलं कलम लावू ते तूच सांग!"

नाथाजी खुर्चीतून उठले, मुलाचा दंड धरला आणि त्याला साहेबांपुढं उभा केला. "ह्याला घिऊन जावा," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

दाखल्यावर साहेबांची सही संध्याकाळी सहा वाजता झाली. पेन विजयमालाबाईंनीच पुढं केलं.

सोमवारी पहाटेच रंगुबाईचा निरोप आला, हरिबा शुद्धीवर आला आणि आधी मेंढ्यांचं विचारलं. विजयमालाबाई जरा हलक्या मनानं कराडच्या स्टँडवर गेल्या. सांगलीची गाडी लागलेली. क्रांती साध्या ड्रेसवर, पायात तेच पांढरे कॅनव्हासचे बूट. शेजारी शालूबाई. आणि चार पावलं मागं नाथाजी, हातात पुतणीची बॅग घेऊन.

विजयमालाबाईंचा फोन वाजला. कुणीतरी मेसेज पुढं ढकलला होता. सावधान, पितांबर नेसून वाहन चालवल्यास दहा हजार दंड. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

नाथाजींनी बॅग गाडीत ठेवली आणि खाली उतरले. "पोरी, समद्यांनी सांगितलं ते आयकलं मी," ते म्हणाले. "तू कुठं व्हतीस, येवढंच तुला इचारलं न्हाई."

"गच्चीवर व्हते आप्पा. पत्र आलेलं. पैल्यांदा तुमालाच वाचून दाखवायचं म्हणून पळत खाली आले, तर तुमी चिंधी हातात घिऊन उभं."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टरनं घंटी मारली.

"थांबा हो जरा!" सुभेदार ओरडले, कवायतीच्या मैदानावर ओरडतात तसे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता वाच."

क्रांतीनं पायरीवर उभी राहून फोन काढला आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. कंडक्टरनं दुसऱ्यांदा घंटी मारली नाही.